फिश टँकची खडी कशी निवडावी आणि कशी सांभाळावी

ओळखीतल्या लोकांचा मला फोन येतो तो बहुतेक वेळा मासे घरी आल्यावर. टँक घेतला, सहा गोल्डफिश घेतले, दुकानदाराने निळी-गुलाबी खडी वरून दिली. आता चौथ्या दिवशी पाणी पांढुरकं दिसतंय आणि मासे वर येऊन तोंडं उघडताहेत. मी आधी विचारते, "खडी कुठली टाकलीत? आणि किती?" पलीकडे जरा शांतता पसरते, कारण खडीबद्दल कोणी विचारेल असं वाटलेलंच नसतं.

तो फोन करायची वेळ येऊ नये म्हणून हे लिहिते आहे. मी ठाण्यात राहते, नळाचं पाणी वापरते, आणि माझ्याकडे दोन फुटांचा टँक आहे. त्यामुळे उदाहरणं त्याच मापाची देते.

खडी टाकायची कशासाठी

मासे जे खातात ते शेवटी अमोनिया होऊन पाण्यात उतरतं. न खाल्लेलं अन्न आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो, आणि अमोनिया माशांसाठी विष आहे. ते उतरवतात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, पण नायट्रेट बऱ्याच प्रमाणापर्यंत माशांना चालतं आणि पाणी बदललं की कमी होतं. हे जिवाणू पाण्यात तरंगत राहत नाहीत, ते चिकटून राहतात. फिल्टरच्या स्पंजला, काचेला आणि सगळ्यात मोठ्या पसाऱ्यावर, म्हणजे खडीच्या एकेका दाण्याला.

घरात दही लावणाऱ्यांना हे लगेच समजतं. खडी म्हणजे टँकचं विरजण. कालच्या दह्याचा चमचाभर अंश राखून ठेवला की उद्याचं दही लागतं. भांडं लख्ख घासून सगळं विरजण मोरीत ओतून दिलं तर दूध तसंच राहतं, किंवा नासतं. खडीच्या बाबतीत पुढे जे सांगणार आहे, ते सगळं या एका गोष्टीतून येतं.

हे मी वाचून शिकले नाही. आमचा पहिला टँक कळव्याच्या भाड्याच्या घरात होता. तळाशी अंडरग्रॅव्हल फिल्टर, म्हणजे खडीखाली जाळीची प्लेट आणि वर हवेची नळी. त्या पद्धतीत वेगळा स्पंज नसतो, खडी हाच फिल्टर असतो. दिवाळीच्या आधी माळे झाडून झाले, पंखे पुसून झाले, आणि मी टँक काढला. मासे बालदीत ठेवले, सगळी खडी परातीत घेऊन गरम पाण्याने तीनदा धुतली, उन्हात वाळवली आणि पुन्हा लावली. टँक इतका चकचकीत कधीच दिसला नव्हता. वसुबारसेला मासे कोपऱ्यात गप्प बसले आणि लक्ष्मीपूजनापर्यंत सातातले पाच गेले. मी आजार शोधत होते, औषध शोधत होते. आजार नव्हताच. सहा महिन्यांत तयार झालेलं विरजण मी एका दुपारी वाळवून टाकलं होतं.

दाण्याचा आकार

नवशिक्यासाठी २ ते ४ मिलिमीटरची, गोलसर कडांची खडी घ्या. घरातलं माप सांगायचं तर साबुदाण्यापासून मुगाच्या दाण्यापर्यंत. या मापाच्या दाण्यांमधून पाणी खेळतं, जिवाणूंना प्राणवायू मिळतो, आणि माशांचं अन्न खोल न जाता वरच पडून राहतं, त्यामुळे मासे ते टिपून खातात.

मोठे गोटे दिसायला छान असतात. पण सुपारीएवढे गोटे पसरले की त्यांच्यामधल्या फटींत अन्न जातं, माशांचं तोंड तिथे पोचत नाही, आणि ते तिथेच कुजतं. पाणी सारखं बिघडण्याचं हे मी पाहिलेलं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. गोटे आवडत असतील तर खडीच्या वर पाच-सहा ठेवा, तळ गोट्यांनी भरू नका.

दुसरं टोक म्हणजे रव्यासारखी बारीक रेती. कॉरिडोरास किंवा लोच यांसारखे तळाशी नाक खुपसून फिरणारे मासे ठेवायचे असतील तर रेतीच चांगली, कारण धारदार खडीने त्यांच्या मिशा झिजतात, तुटतात. पण रेतीचा थर दीड-दोन इंचांपेक्षा जास्त देऊ नका. ती घट्ट बसते, खाली हवा पोचत नाही.

गोल्डफिशवाल्यांनी जरा थांबून विचार करावा. गोल्डफिश दिवसभर खडी तोंडात घेतो, चघळतो, थुंकतो. मुगाएवढा दाणा तो सहज थुंकतो, पण त्याच्या तोंडात जेमतेम मावेल असा दाणा घशात अडकू शकतो. मासा मोठा झाला की हे मापही बदलतं. म्हणून गोल्डफिशसाठी बारीक खडीचा पातळ थर घ्या, किंवा त्याच्या तोंडात जाणारच नाहीत असे मोठे गोटे मोजके ठेवा. मधलं माप नको.

बांधकामाची खडी आणायचा मोह होतो, कारण आपल्याकडे कुठेतरी काम चालूच असतं आणि ढीग समोर पडलेला असतो. ती क्रशरमधून फोडलेली असते, कडा सुरीसारख्या असतात आणि तिला दगडाची भुकटी चिकटलेली असते. माशांच्या खवल्यांना ओरखडे जातात. साइटवर सिमेंट सांडलेलं असेल तर पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतंय की क्षाराकडे ते सांगणारा आकडा, वर जातो. ती नको.

रंग

रंगीत खडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. मुलं हट्ट करतात, मला माहीत आहे. स्वस्त रंगीत खडीवर रंगाचा नुसता लेप असतो, काही महिन्यांत तो सोलून निघतो आणि गाळात मिसळतो. घ्यायचीच असेल तर मूठभर खडी पांढऱ्या वाडग्यात पाणी घालून रात्रभर ठेवा, सकाळी पाणी बघा. किंचितही रंग उतरला असेल तर परत करा.

तपकिरी, राखाडी किंवा काळसर खडीवर मासे जास्त उठून दिसतात. पुष्कळ मासे तळाच्या रंगाशी आपल्या अंगाचा रंग जुळवून घेतात. पांढऱ्याशुभ्र तळावर ते फिके पडतात, गडद तळावर रंग भरतात. एकाच जातीचे टायगर बार्ब मी पांढऱ्या मार्बल चिप्सवरही पाहिले आहेत आणि नदीच्या तपकिरी खडीवरही. तपकिरी खडीवरच्यांचे पट्टे शाईने काढल्यासारखे दिसत होते.

दगड कोणता: व्हिनेगरची परीक्षा

काही दगड पाण्यात गप्प बसतात, काही हळूहळू विरघळतात. संगमरवराच्या चिप्स, शंख-शिंपल्यांचे तुकडे, प्रवाळाची रेती हे सगळं कॅल्शियम कार्बोनेट. ते विरघळून पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं, करतं आणि पीएच वर नेतं. ठाणे आणि नवी मुंबईतलं नळाचं पाणी धरणांचं आणि नद्यांचं असतं. ठाण्याला भातसा-उल्हासचं, नवी मुंबईला मुख्यतः मोरबे धरणाचं. ते बऱ्यापैकी मृदू असतं, आणि बहुतेक माशांना ते आवडतं. त्यात मार्बल चिप्स टाकल्या की हा फायदा आपण हाताने घालवतो. शिवाय पीएच जितका वर, तितका तोच अमोनिया जास्त विषारी, म्हणजे चूक झाली की शिक्षा मोठी होते. मॉली आणि आफ्रिकन सिक्लिड यांना मात्र जड पाणी मानवतं, त्यांच्या टँकमध्ये चिप्स चालतील.

घोडबंदर रोडच्या ज्या सोसायट्यांत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं, त्यांनी हे जास्त मनावर घ्यावं. ते पाणी आधीच जड असतं. त्यात चुन्याचा दगड कशाला?

परीक्षा सोपी आहे. स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर घ्या. आधी अंड्याच्या कवचाच्या तुकड्यावर दोन थेंब टाका आणि कवच डोळ्यांजवळ धरून बघा. बारीक बुडबुडे उठतात, कवचावर फेसाची कड येते, कानाजवळ नेलं तर हलकी चरचर ऐकू येते. हे बघून ठेवलं की काय शोधायचं ते कळतं. मग सुकलेल्या खडीतले वेगवेगळ्या रंगांचे दहा-बारा दाणे बशीत मांडा आणि प्रत्येकावर थेंब टाका. नुसतं ओलं झालं तर ठीक. बुडबुडे उठले तर ती खडी टँकमध्ये नको. व्हिनेगर सौम्य असतं, म्हणून दाणा आधी जरा खरवडून घ्या आणि मिनिटभर थांबा.

शंका उरली तर दुसरी परीक्षा करा. दोन बरण्यांत सारखंच पाणी घ्या, एकीत मूठभर खडी टाका, आठवड्याने दोन्हींचा पीएच आणि जडपणा पाणी तपासायच्या टेस्ट किटने तपासा. फरक दिसला तर कारण खडीच.

आपल्या भागातला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, पारसिकच्या डोंगराचा तोच. तो पाण्यात गप्प बसतो. पण त्याच्या पोकळ्यांत पांढरे, चमकदार स्फटिक सापडतात. त्यातले काही गारगोटीच्या जातीचे असतात, ते निर्धोक. काही कॅल्साइटचे असतात, आणि कॅल्साइट व्हिनेगरला फसफसतं. म्हणजे पांढरे डोळे असलेला काळा दगड दिसला की त्या डोळ्यावर थेंब टाकून बघायचा.

येऊरला फिरायला गेल्यावर ओढ्यातले दगड पिशवीत घालायचे नाहीत, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. खाडीची रेतीही नको. कळवा-मुंब्र्याच्या रेतीबंदराला नाव रेतीवरून पडलं असलं तरी ती खाडीची रेती, तिच्यात मीठ, शिंपल्यांचा चुरा आणि शहराची घाण असते.

कुठून घ्यावी

मत्स्यालयाच्या दुकानात "नॅचरल ग्रॅव्हल" म्हणून किलोच्या पिशव्या मिळतात, तिथून घेतलेलं सोपं. विकत घ्यायच्या आधी पिशवी उजेडात फिरवून बघा, दाणे एकाच मापाचे आहेत ना, आत शिंपल्यांचे तुकडे नाहीत ना. मोठा टँक असेल आणि पंचवीस-तीस किलो लागणार असेल तर पाणी शुद्धीकरणाचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. सोसायट्यांच्या आणि जलतरण तलावांच्या सँड फिल्टरमध्ये सिलिकाची रेती आणि बारीक गोटे भरतात. चाळून मापाचे केलेले असतात, पाण्यात काही सोडत नाहीत. वागळे इस्टेट, रबाळे, महापे या पट्ट्यात चौकशी केलीत तर मिळून जाईल. पण पोत्याने घ्यावं लागू शकतं, म्हणून दोघा-तिघांनी मिळून घ्या.

किती घ्यावी

टँकची लांबी, रुंदी आणि हवा असलेला थर हे तिन्ही सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणा. हजाराने भागलं की लिटर येतात. सुकी खडी लिटरला साधारण दीड किलो भरते.

दोन फुटांचा टँक, म्हणजे ६० × ३० सेंटिमीटरचा तळ आणि ५ सेंटिमीटरचा थर: ६० × ३० × ५ = ९,०००, म्हणजे ९ लिटर, म्हणजे साधारण १४ किलो. १५ किलो घ्या, थोडी उरलेली बरी. अंडरग्रॅव्हल फिल्टर असेल किंवा मुळांची झाडं लावायची असतील तर थर ६-७ सेंटिमीटर करा. नुसते मासे ठेवायचे असतील तर ३-४ सेंटिमीटरही पुरे.

वजनाचाही हिशेब करा. एक फूट उंचीच्या या टँकमध्ये ४० लिटरच्या आसपास पाणी मावतं, १४ किलो खडी, काचेचे ९-१० किलो, सगळं मिळून ६५ किलोच्या आसपास. टीव्हीच्या हलक्या प्लायवूडच्या शेल्फवर हे ठेवायचं नसतं. भक्कम स्टँड घ्या आणि टँकखाली थर्माकोलची किंवा फोमची शीट घाला, म्हणजे तळाच्या काचेवर भार सारखा पडतो.

धुवायची कशी

नवी खडी कितीही स्वच्छ दिसली तरी धुवायचीच, आणि पहिल्यांदा धुताना अजिबात कंजुषी करायची नाही. पूर्ण खडी मनसोक्त धुवायची ही एकच वेळ.

मोरीत बसा, मोठा टोप घ्या, एका वेळी दोन-तीन किलोच खडी टाका. तांदूळ धुतो तसं करायचं, पाणी भरायचं, हात तळापर्यंत घालून दाण्याला दाणा घासला जाईल असं फिरवायचं, आणि गढूळ पाणी लगेच ओतायचं. पहिलं पाणी चिखलासारखं येतं, चौथं ताकासारखं. सहाव्या-सातव्याला हात दिसायला लागतो. तिथे थांबू नका. शेवटचं पाणी काचेच्या ग्लासात घ्या, ग्लासामागे वर्तमानपत्र धरा. अक्षरं सरळ वाचता आली की झालं.

साबण, डिटर्जंट, भांड्यांची पावडर, फिनेल यातलं काहीही खडीला लागता कामा नये. टोपही साबणाचा अंश नसलेलाच घ्या, शक्यतो मत्स्यालयासाठी वेगळा ठेवा. धुतलेलं गढूळ पाणी मोरीत ओततानाही जपा, दगडाची भुकटी पाइपात बसून मोरी तुंबते. जुनं फडकं जाळीवर टाका आणि शेवटी फडक्यावरचा गाळ कचऱ्यात टाका.

कोणाकडून जुनी खडी घेतली असेल आणि त्यांचे मासे आजारी होते की नाही माहीत नसेल, तर कडक उन्हात आठवडाभर पूर्ण सुकवा, मग धुवा. खडी गॅसवर उकळू नका, ओल अडकलेला दगड तापला की तडकू शकतो.

मांडणी

खडी टँकमध्ये ओतू नका, हाताने किंवा वाटीने सोडा. दुकानाच्या पिशवीतून एकदम सोडलेल्या खडीने तळाची काच तडकलेली मी पाहिली आहे. मोठा दगड ठेवायचा असेल तर तो आधी थेट तळाच्या काचेवर टेकवा आणि मग भोवती खडी भरा, कारण खडीवर ठेवलेला दगड मासे खणू लागले की कलंडतो.

मागच्या काचेकडे थर थोडा उंच, पुढे उतरता ठेवा. पुढून बघताना खोली येते, आणि गाळ उतारावरून पुढे जमतो, काढायला सोपा जातो. हा उतार महिन्याभरात सपाट होतो, तो अधूनमधून हाताने सावरत राहायचं.

पाणी भरताना खडीवर स्टीलची बशी ठेवा आणि धार बशीवर सोडा. तरीही पाणी थोडं गढूळ होईल, फिल्टर चालू ठेवा, दिवसभरात निवळतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो माशांना जितका वाईट, तितकाच विरजणाच्या जिवाणूंनाही. क्लोरीन काढण्याचे थेंब घाला, किंवा किमान २४ तास उघडं ठेवलेलं पाणी वापरा.

झाडं लावायची असतील तर वॅलिसनेरिया, क्रिप्टोकोरीन ही मुळांनी खडी पकडतात. ब्राह्मीसुद्धा टँकमध्ये छान वाढते, कुंडीतली फांदी खोवून बघा. अनुबियास आणि जावा फर्न मात्र खडीत पुरू नका, त्यांचा आडवा कंद गाडला की सडतो, दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधा.

आता थांबायचं

खडी धुवून मांडली, पाणी निवळलं, आणि लगेच मासे आणले, तर विरजण न लावता दुधाला दही म्हटल्यासारखं होतं. जिवाणू तयार व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात. रिकाम्या टँकमध्ये चिमूटभर माशांचं अन्न टाकत राहा, ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना खाऊ मिळतो. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं की टँक तयार. आधी दोन-तीनच मासे आणायचे.

हा वेळ कमी करायचा एक उत्तम मार्ग आहे. ज्यांचा टँक वर्षभर नीट चाललाय, मासे ठणठणीत आहेत, अशा कोणाकडून दोन मुठी खडी मागून आणा. त्यांच्याच टँकच्या पाण्यात भिजलेली, झाकलेल्या डब्यात, दोन-तीन तासांत घरी पोचली पाहिजे. ती जुन्या मोज्यात बांधून आपल्या टँकमध्ये फिल्टरजवळ ठेवा. कोपरीची माझी मैत्रीण अशीच खडी घेऊन गेली होती, तिचा टँक तिसऱ्या आठवड्यात तयार झाला. मागताना संकोच करू नका, कोणाचंही काही कमी होत नाही. आमच्या सोसायटीत आता खडी मागायला येणाऱ्याच्या हातात वाटी असते, दह्याला येतात तशी.

दर आठवड्याचं काम

सायफन करायला, म्हणजे खडीतला गाळ पाण्याबरोबर पाइपने ओढून काढायला, महागडं काही लागत नाही. बोटाएवढ्या जाडीचा दीड-दोन मीटर पारदर्शक पाइप आणि पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली घ्या. बाटलीचा तळ कापा, तोंडाच्या बाजूला पाइप घट्ट बसवा. झाला सायफन. कापलेली कड मेणबत्तीच्या आचेवर धरून गुळगुळीत करा, नाहीतर मासे कापले जातात.

आधी पंप, हीटर आणि दिव्याचे स्विच बंद करा, ओल्या हाताने प्लगला हात लावू नका. पाइप बाटलीसकट पाण्यात बुडवून पूर्ण भरून घ्या, बाहेरचं टोक अंगठ्याने दाबून टँकच्या पातळीखालच्या बालदीत सोडा. तोंडाने ओढायची सवय लावू नका.

बाटलीची कापलेली बाजू खडीत तळापर्यंत खुपसा. दाणे बाटलीत उसळतात, गोल फिरतात, आणि त्यांच्यामधून तपकिरी धुरासारखा गाळ सुटून पाइपात चढतो. दगड जड, म्हणून तो वर जात नाही, गाळ हलका, म्हणून तो जातो. पाणी निवळायला लागलं की पाइप चिमटा, खडी खाली पडू द्या, बाटली उचला, शेजारच्या जागी खुपसा. बालदी भरली की थांबा. १० ते १२ लिटर म्हणजे पाव टँक, आठवड्याला तेवढं पुरे.

एका वेळी अर्ध्याच तळाला हात लावा. या आठवड्यात डावी बाजू, पुढच्या आठवड्यात उजवी. ज्या दिवशी खडी साफ केली, त्या दिवशी फिल्टरचा स्पंज धुवायचा नाही, दोन्हींमध्ये आठवड्याचं अंतर ठेवा. स्पंज धुवायचा तोही बालदीत काढलेल्या टँकच्याच पाण्यात, नळाखाली नाही. झाडांच्या मुळांपाशी बाटली खुपसू नका, वरचा गाळ नुसता ओढून घ्या, आतला गाळ झाडांचं खत आहे. उरलेलं पाणी गॅलरीतल्या तुळशीला आणि मोगऱ्याला घाला, नायट्रेट असल्यामुळे झाडं त्यावर फोफावतात.

एप्रिल-मेमध्ये पाणी गरम असतं, त्यात प्राणवायू कमी मावतो आणि गाळ लवकर कुजतो. तेव्हा अन्न कमी आणि सायफन नेमाने. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं तर ते रात्रभर बालदीत निवळू द्या, खालचं इंचभर पाणी टाकून बाकीचं वापरा, नाहीतर तीच माती खडीवर बसते. वीज गेली आणि तुमचा टँक अंडरग्रॅव्हलवर चालत असेल तर बॅटरीवरचा हवेचा पंप जवळ असू द्या. पाणी खेळलं नाही की काही तासांत खडीतल्या जिवाणूंना हवा कमी पडते.

"साफ करणारा मासा आणा, गाळाची काळजीच नको," असं दुकानात हमखास सांगतात. सकर मासा काचेवरचं शेवाळ खातो, खडीतला गाळ खात नाही. उलट तो स्वतः भरपूर घाण करतो आणि फूटभर वाढतो. मग टँकमध्ये मावेनासा झालेला मासा लोक तलावात सोडतात. कृपा करून हे करू नका. आपले तलाव आधीच पुष्कळ सोसताहेत, त्यात बाहेरून आलेला, पटकन वाढणारा मासा तिथल्या माशांच्या मुळावर येतो.

काही दिसलं तर

नव्या टँकच्या खडीवर तपकिरी साय धरते. ते डायटम शेवाळ असतं, घाबरू नका, काही आठवड्यांत आपोआप कमी होतं. हिरवी खडी म्हणजे उजेड जास्त, दिवा आठ तासांवर आणा आणि खिडकीचं थेट ऊन टाळा. निळसर-हिरवा, बुळबुळीत, पापुद्र्यासारखा सुटणारा थर मात्र वेगळा, त्याला कुबट वास येतो. तो सायफनने ओढून काढा, पाणी बदला, अन्न कमी करा.

खडीवर पांढरी कापसासारखी बुरशी दिसली तर अन्न उरतंय. दोन मिनिटांत संपेल एवढंच टाका. घरात मुलं असतील तर दिवसाचं अन्न सकाळीच छोट्या डबीत काढून ठेवा आणि मोठा डबा वर ठेवा. आमच्याकडे हाच एक उपाय टिकला.

काचेतून बघताना खडीच्या थरात काळे डाग दिसले आणि टोचल्यावर कुजलेल्या अंड्यासारख्या वासाचे बुडबुडे आले, तर खाली हवा पोचत नाही. सगळं एकदम उपसू नका, तो वायू माशांना घातक असतो. पाणी खेळतं ठेवून रोज थोडा थोडा भाग काडीने हलवा, दोन-तीन आठवडे सायफन करा, आणि थर जाड असेल तर कमी करा. ट्रम्पेट गोगलगाई खडी आतून पोखरत राहतात, त्यामुळे हा त्रास होत नाही. पण अन्न जास्त पडलं की त्यांची फौज होते.

खडी बदलायचीच असेल, म्हणजे मार्बल चिप्स काढून साधी खडी आणायची असेल, तर दर पंधरा दिवसांनी एक तृतीयांश बदला आणि त्या काळात फिल्टरला हात लावू नका.

घर बदलताना

११ महिन्यांचे करार आहेत, घरं बदलावीच लागतात. खडीसकट टँक उचलायचा नाही, थोडं पाणी ठेवूनही नाही. तळाची काच आणि सिलिकॉनचे सांधे त्या वजनाखाली वाकतात आणि नव्या घरी पोचल्यावर गळती लागते.

आदल्या दिवशी माशांना अन्न देऊ नका. निघायच्या सकाळी टँकमधलं निम्मं पाणी झाकणाच्या बालद्यांत भरा, मासे त्यात ठेवा. मग खडी वाटीने काढून दुसऱ्या बालदीत घ्या. खडी पूर्ण बुडवू नका, टँकच्याच पाण्याने ओली राहील एवढंच पाणी ठेवा आणि झाकण सैल ठेवा, म्हणजे हवा मिळते. फिल्टरचा स्पंजही त्याच बालदीत. उन्हात ठेवलेल्या टेम्पोत बालदी सोडू नका, ती आपल्याबरोबर रिक्षात घ्या.

नव्या घरी सगळ्यात आधी टँक लावा, सामान नंतर. खडी न धुता तशीच परत घाला, जुनं पाणी ओता, वर क्लोरीन काढलेलं नवं पाणी भरा आणि फिल्टर चालू करा. पाणी दिवसभर गढूळ राहील, ते राहू द्या. पहिला आठवडा एक दिवसाआड आणि निम्मंच अन्न द्या, अमोनिया रोज तपासा, आणि दोन आठवडे खडीला सायफन लावू नका.